कूलर झाकून ठेवला, तरी जानेवारीचं लाइट बिल मेपेक्षा जास्त का?

दर जानेवारीत आमच्या जिन्यात ठरलेला संवाद होतो. यंदा तो 102 च्या काकूंनी सुरू केला. हातात बिल, अंगावर शाल, आणि आवाज असा की जणू मीटर मीच बसवलंय. "कामून आलं असंल एवढं? कूलरला पोतं गुंडाळून ठेवलं दिवाळीतच, पंखे बंद, एसी तर आपल्याकडं नाहीच. मे महिन्यात 148 युनिट अन् आता 231?"

परभणीत राहणाऱ्याला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. आपल्या डोक्यात वीज म्हणजे उन्हाळा. मराठवाड्यात 42-43 अंशांचा मे काढायचा तर कूलर रात्रंदिवस चालतो, आणि बिल तेव्हाच वाढणार असं आपण धरून चालतो. पण कूलर आवाजाच्या मानाने फार कमी खातो. साधारण 180 वॅटचा कूलर 12 तास चालवला तरी सव्वादोन युनिट होतात. गिझर आवाज करत नाही, दिसत नाही, बाथरूमच्या वर टांगलेला असतो. तो 2000 वॅटचा. सव्वा तास तापला की कूलरच्या अख्ख्या रात्रीपेक्षा जास्त. ज्या घरात एसी नाही, कूलर आहे आणि दोन गिझर आहेत, तिथं जानेवारीने मे महिन्याला मागं टाकणं अगदी शक्य आहे.

पण "गिझर आहे, येणारच" म्हणून गप्प बसायचं नाही. काकूंच्या 231 पैकी किती युनिट खरोखर अंघोळीला लागली आणि किती वाया गेली, हे वेगळं काढता येतं. आम्ही ते काढलं. त्याला तीन आठवडे लागले, आणि पहिल्या दिवशी मी चुकलोही.

सुरुवात बिलाच्या कागदापासून. रक्कम बघू नका, आधी दोन रिडिंगमधले दिवस मोजा. एखाद्या वेळी 27 दिवसांनी रिडिंग होतं, एखाद्या वेळी 35. युनिटला दिवसांनी भागा. तोच आकडा मागच्या महिन्याशी आणि मागच्या जानेवारीशी ताडून बघा. बिलावर गेल्या काही महिन्यांचा वापर छापलेला असतो, तो लोक पाहतच नाहीत. चालू रिडिंगच्या जागी आकडा आहे की शेरा, तेही बघा. मीटरच्या खोलीला कुलूप असेल तर सरासरीने बिल लागतं, आणि पुढच्या महिन्यात खरं रिडिंग आलं की राहिलेली युनिटं एकदम अंगावर येतात. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत आमच्याकडं हेच झालं होतं. खोलीची किल्ली खिशात घालून सेक्रेटरी गावी गेलेले. डिसेंबरची बोंबाबोंब सगळ्या इमारतीने केली, चूक आमचीच होती.

काकूंचं बिल बरोबर 31 दिवसांचं, रिडिंग खरं. दिवसाला साडेसात युनिट. मागच्या जानेवारीत 204 होती. म्हणजे दोन प्रश्न: हिवाळ्यात एवढं का, आणि मागच्या हिवाळ्यापेक्षा 27 जास्त का?

इथं एक गैरसमज बाजूला काढतो, कारण जिन्यातल्या निम्म्या चर्चा त्याच्यावरच होतात. "शंभरच्या वर गेलं की सगळी युनिटं महागड्या दराने लागतात" असं नाही. घरगुती दराचे टप्पे आहेत: 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्याच्या वर. पहिल्या शंभराला पहिलाच दर लागतो, महाग दर फक्त वरच्या युनिटांना. मात्र दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट आहे, आणि त्यावर 16 टक्के वीज शुल्क. त्यामुळे युनिटं दीडपट झाली तर बिल दीडपटीपेक्षा जास्त फुगतं. यातच एक चांगली गोष्ट आहे: तुम्ही जे युनिट वाचवता ते नेहमी वरच्या टोकाचं, म्हणजे महागडं असतं. माझ्या बिलावर हिशेब केला तर ते 12-13 रुपयांना पडतं. दर बदलत राहतात, तुमच्या बिलाच्या मागं बघा.

आता मीटर. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि जवळच 3200 किंवा 1600 असा आकडा छापलेला असतो. तितक्या वेळा दिवा लुकलुकला की एक युनिट. 3200 चं मीटर असेल तर एका मिनिटात मोजलेल्या लुकलुकीला पावणेएकोणीसने गुणा, 1600 चं असेल तर साडेसदतीसने. त्या क्षणी किती वॅट चालू आहेत ते कळतं. फक्त गिझर लावून बघा, 3200 च्या मीटरवर मिनिटाला शंभराच्या वर लुकलुकतो. एकदा तो वेग डोळ्यांनी पाहिला की घरातलं माणूस गिझरचं बटण विसरत नाही, हा माझा अनुभव.

काकूंच्या घरातला मेन स्विच पाडला, खाली मीटरच्या खोलीत गेलो, पाच मिनिटं उभा राहिलो. दिवा स्तब्ध. "मीटर ठीक आहे," असं सांगून मोकळा झालो. इथंच चुकलो. मी गेलो होतो दुपारी तीनला. दोन दिवसांनी संध्याकाळी सातला दूध आणायला उतरलो तेव्हा सहज मनात आलं, काकूंना फोन करून परत मेन पाडायला लावला. घरात अंधार, आणि खाली मीटरचा दिवा मिनिटाला चारदा लुकलुकतोय. चार गुणिले पावणेएकोणीस, 75 वॅट. मान वर केली तर पार्किंगमधल्या दोन ट्यूबलाइट.

दिवाळीच्या आधी इमारतीला रंग दिला तेव्हा पार्किंगची वायर काढून परत जोडली होती, आणि जोडताना ती सोसायटीच्या मीटरऐवजी 102 च्या मीटरनंतर, घरातल्या मेनच्या आधी जोडली गेली. हिवाळ्याच्या लांब रात्री, बारा तास, 75 वॅट: दिवसाला 0.9 युनिट, महिन्याला 27. मागच्या वर्षीपेक्षा जी 27 युनिटं जास्त होती ती ही. इतका तंतोतंत मेळ माझ्या आयुष्यात दुसऱ्या कुठल्याच हिशेबाचा बसलेला नाही. म्हणून सांगतो, ही तपासणी दिवे लागल्यावर करा, आणि जमलं तर दुपारी परत एकदा. मीटरला किंवा त्याच्या सीलला स्वतः हात लावायचा नाही. मेन पाडूनही दिवा लुकलुकत असेल तर परवानाधारक वायरमन बोलवा. दोन फ्लॅटचे मीटर अदलाबदल झालेलेही असू शकतात. तुमचा मेन पाडल्यावर दिवा भलत्याच मीटरचा थांबला तर समजा, की इतके दिवस एकमेकांची बिलं भरत आहात.

उरली 204. त्यात पाण्याचा वाटा किती?

यासाठी एक सोपं सूत्र आहे, ते भिंतीवर लिहून ठेवा: लिटर गुणिले तापमानातली वाढ, भागिले 860, म्हणजे युनिट. जानेवारीच्या पहाटे आमच्या नळाचं पाणी 19 अंश भरलं. अंघोळीला आपण विसण घालून घेतो ते साधारण 40 अंशांचं असतं. म्हणजे वीस लिटरच्या एका बादलीला 21 अंशांची वाढ: 20 गुणिले 21 भागिले 860, जवळजवळ अर्धं युनिट. ऑक्टोबरात हेच पाणी 27 अंश असतं, तेव्हा त्याच बादलीला 0.3. मेमध्ये गिझर लावतंय कोण, गच्चीवरच्या टाकीचं पाणी तेव्हा अंगाला चटका देतं.

काकूंकडं पाच माणसं, पाच बादल्या, शंभर लिटर. दिवसाला 2.4 युनिट, महिन्याला 75 च्या आसपास. हा गरजेचा खर्च. थंडीत कुणाला गार पाण्याने अंघोळ करा असं सांगायला मी काही तालमीचा वस्ताद नाही. फ्रिज, दिवे, टीव्ही, मिक्सर, पाण्याचा फिल्टर, इस्त्री मिळून 75 युनिटं धरली. बेरीज 150. उरलेली 54 कुठं गेली?

ती गेली गिझरच्या पोटात. काकांना पहाटे फिरायला जायचं असतं, ते साडेपाचला गिझर लावतात. मुलाची अंघोळ साताला. सून नऊला. आजींना ऊन अंगणात आल्याशिवाय अंघोळ नको, म्हणजे अकरा. साडेपाच ते अकरा बटण चालूच. दुसरं बाथरूम, दुसरा गिझर, तिथंही तीच तऱ्हा. पाणी 65-70 अंशांवर तापतं, टाकीतून ऊब झिरपते, थर्मोस्टॅट परत चालू होतो. आणि शेवटची अंघोळ झाली तरी 15 लिटर कढत पाणी टाकीत राहतं, ते संध्याकाळपर्यंत गार. 60 अंशांवरचं 15 लिटर पाणी असं सोडून दिलं की पाऊण युनिटाला थोडं कमी गेलं. दोन गिझरचं दुप्पट. महिन्याला चाळीसेक युनिटं निव्वळ बाथरूमच्या भिंती गरम करायला.

"पण परत परत तापवायला जास्त लागतं ना, म्हणून चालूच ठेवते," असं सुनेचं म्हणणं. पुष्कळ लोक असंच मानतात. पण टाकी जितका वेळ गरम, तितका वेळ ती ऊब गमावते. बंद ठेवलेल्या टाकीला गमवायला काही नसतं. चालू करताना मीटर "उडी मारतं" हेही खरं नाही. व्होल्टेज कमी असल्याने बिल वाढतं, ही आणखी एक समजूत. 230 ऐवजी 200 व्होल्ट आले तर 2000 वॅटचा गिझर दीड हजार वॅटवर येतो, पाणी तापायला वेळ जास्त लागतो, युनिटं जवळजवळ तेवढीच.

मग केलं काय, तर हिवाळ्यापुरता एक गिझर बंद. अंघोळी सहा ते साडेसात या वेळात पाठोपाठ. थर्मोस्टॅटची चकती 50-55 वर (आठवड्यातून एकदा 60 वर नेऊन पाणी तापवावं, टाकी स्वच्छ राहायला ते बरं). शेवटचा माणूस आत जाण्याआधी बटण बंद, टाकीत असलेल्या पाण्यात त्याची अंघोळ. आजींची वेळ बदलायला कुणी गेलं नाही. त्यांच्यासाठी अकराला पुन्हा दहा-पंधरा मिनिटं गिझर लावायचा, एवढंच ठरलं. नवा गिझर घेणार असाल तर पाच तारे असलेला घ्या. ते तारे मुख्यतः याच झिरपणाऱ्या ऊबेचे असतात, पाणी लवकर तापण्याचे नव्हेत.

आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यामुळे एक गोष्ट जास्त सांगावी लागते. क्षार. कॉइलवर पांढरा पापुद्रा जमतो आणि मेकॅनिक सांगतो, "यामुळेच बिल वाढलं." हे अर्धं खरं आहे. कॉइल पाण्यातच बुडालेली असते, तिची उष्णता पापुद्र्यातून का होईना पाण्यातच जाते. क्षारांचा खरा तोटा वेगळा: कॉइल आतून जास्त तापते, तडकते, आणि मग वीज पाण्यातून अर्थिंगकडं झिरपायला लागते. नळाला हात लावल्यावर झिणझिण आलं तर त्या क्षणी गिझरचं बटण बंद करा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत बंदच ठेवा. ईएलसीबी, म्हणजे वीज झिरपली की पुरवठा तोडणारी कळ, बसवलेली असेल तर ती स्वतःच पडते. नसेल तर बिलाचं राहू द्या, आधी ती बसवा. दोन वर्षांतून एकदा टाकी उघडून साफ करून घ्यावी, आमच्या इमारतीत तर दरवर्षी.

ठिबकणाऱ्या गरम नळाखाली रात्रभर तांब्या ठेवून बघा, सकाळी तो भरलेला निघाला तर वॉशर बदला. मिक्सर नळाच्या दोन्ही चकत्या उघड्या ठेवून फक्त हँडशॉवरचं बटण सोडायची सवय असेल तर तीही मोडा. त्यातून गार आणि गरम पाणी आतल्या आत मिसळत राहतं. गार नळाला सुरुवातीला कोमट पाणी आलं की ओळखावं. वॉशिंग मशिनमध्ये "हॉट" किंवा 40-60 अंशांचा पर्याय कुणी लावून ठेवलाय का, तेही बघा. अशा बऱ्याच मशिनच्या आत वेगळा हीटर असतो आणि तो कुणाच्या लक्षात नसतो.

गॅस गिझर वीज वाचवतो, सिलिंडर धरूनही स्वस्त पडतो. पण तो बाथरूमच्या आत कधीच बसवू नका. बंद दारामागं कार्बन मोनॉक्साइडने माणूस बेशुद्ध होतो, वासही येत नाही. बाहेरच्या बाल्कनीत, मोकळ्या हवेत जागा असेल तरच विचार करा. बादलीत टाकायचा रॉड विजेला काटकसरी आहे आणि जिवाला महाग. लहान मुलं असलेल्या घरात नको.

आता ज्या गोष्टीसाठी एवढं लिहायला बसलो ती. गच्चीवरची टाकी.

माझं आजोळ जिंतूर तालुक्यातलं. तिथं अंघोळीचं पाणी चुलीवर, तुराट्या-पऱ्हाट्यांच्या जाळावर तापायचं. पण थंडीत पहाटे गडीमाणसं विहिरीवर मोटर चालू करून थेट धारेखाली उभी राहायची, आणि अंगातून वाफा निघायच्या. विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट असतं हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. जमिनीखालचं पाणी वर्षभर साधारण एकाच तापमानाचं राहतं, हवेचं वर्षभराचं सरासरी तापमान जितकं तितकं. मराठवाड्यात ते 25-26 अंशांच्या आसपास.

आमच्या इमारतीत वॉचमन रात्री नऊला मोटर लावायचा, टाक्या भरून झोपायला मोकळा. म्हणजे जमिनीने फुकट तापवून दिलेलं 26 अंशांचं पाणी आम्ही गच्चीवर नेऊन, परभणीच्या आठ-नऊ अंशांच्या उघड्या आभाळाखाली रात्रभर गार करत होतो, आणि सकाळी पैसे मोजून परत तापवत होतो. थर्मामीटर घेऊन दोन्हीकडं मोजलं: बोअरच्या पाइपला 26, टाकीच्या नळाला 19. सात अंश. शंभर लिटरला सात अंश म्हणजे 0.8 युनिट, महिन्याला 24. एका घराचे. सोळा घरांचा गुणाकार तुम्हीच करा.

मिटिंगमध्ये हे मांडलं तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "सर, पहाटे लाइट गेली तर अंघोळीचं काय?" मुद्दा बरोबर होता. म्हणून रात्री टाकी एक तृतीयांश भरायची, आणि बाकीची पहाटे पाचला. मोटरला टायमर लावला. वॉचमनची झोपमोड नाही, मोटरची युनिटं तेवढीच. टाकीत रात्रीचं थोडं गार पाणी उरतं, त्यामुळे पुरे सात अंश पदरात पडत नाहीत, चार-साडेचार पडतात. महिन्याला पंधरा युनिटं दर घराची, एकही गिझर न बदलता.

लातूरला माझी बहीण राहते, तिने विचारलं, आमच्याकडं बोअर आटलेलं, टँकरचं पाणी, आम्हाला काय उपयोग? 2016 साली रेल्वेने पाणी आणावं लागलेलं ते शहर, प्रश्न रास्तच. पण तिच्याकडंही टँकर आधी जमिनीखालच्या हौदात ओततात. तो हौद गच्चीवरच्या टाकीइतका रात्रीत गार होत नाही. हौदातून वर चढवायची वेळ पहाटेची केली तरी दोन-तीन अंश मिळतात. तेवढंही जमत नसेल तर गच्चीवरून भिंतीने उतरणाऱ्या पाइपला फोमची नळी चढवा. पहिली बादली जी बर्फासारखी येते ती त्या पाइपातली.

फरक मोजायला महिनाभर थांबू नका. फेब्रुवारीत ऊन वाढतं, मग बिल कशाने उतरलं ते कळत नाही. दर रविवारी सकाळी मीटरचा फोटो काढायचा. काकूंचे आकडे असे आले: सुरुवातीला आठवड्याला 52. पार्किंगची वायर बदलल्यावर 46. एक गिझर आणि पाठोपाठ अंघोळी, 37. मोटरची वेळ बदलल्यावर 34. मधल्या एका आठवड्यात संक्रांतीला पाहुणे होते, 43 झाले, ते आम्ही सोडून दिले. नवं टीओडी मीटर, म्हणजे कुठल्या वेळी किती वीज वापरली ते वेगळं नोंदवणारं, बसलं असेल तर दिवसाच्या ठरावीक वेळेतल्या वापराला सवलत दिसते का, तेही बिलावर बघा. आजींच्या अकराच्या अंघोळीला मग कुणी नावं ठेवणार नाही.

एवढं करूनही आठवड्याचा आकडा आणि तुमचा सूत्राने काढलेला हिशेब यात मोठी तफावत राहिली, तर लेखी अर्ज देऊन, फी भरून मीटर तपासून मागता येतं. अर्जाला रविवारचे फोटो जोडा.

आमच्याकडं एकच घर राहिलंय. चौथ्या मजल्यावरचे आप्पा पहाटे साडेचारला अंघोळ करून पोथी वाचायला बसतात. मोटर चालू होते पाचला. त्यांचं बिल होतं तिथंच आहे, आणि टायमर अर्धा तास अलीकडं घ्या म्हणून त्यांचा अर्ज पुढच्या मिटिंगला येणार आहे.